रईसभाईंनी न दिलेला खुलासा

सहा सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव, सोमवार, दुपारी सव्वाचार. एवढी वेळ लक्षात ठेवावी, अशी सभागृहाला विनंती करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्येष्ठ संपादक माननीय भैयाजी निलावार; त्यांच्या शेजारचे प्रमुख पाहुणे, एका आश्रमशाळेचे संस्थापक; व्यासपीठावर खुर्ची शिल्लक नसल्यामुळे खाली बसलेल्या सलीमाभाभी, ज्यांच्या नवऱ्यासाठी हा समारंभ आहे म्हणे; आणि चामोर्शीकर बंधुभगिनींनो,

मी सुगंधाबाई. इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते. दिवंगत पत्रकार आणि लेखक रईस कुरेशी यांच्या ‘हृद्य आठवणी’ पाच मिनिटांत सांगाव्यात, असं निमंत्रणात लिहिलं आहे. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला ताठ उभं राहून स्पष्ट बोलायला शिकवलं. पाच मिनिटांचं काही त्या बोलल्या नव्हत्या.

रईसभाईंची एक पद्धत होती. ज्याची बातमी, त्याला ती आधी वाचून दाखवायची. तो ‘हो’ म्हणाला की मगच माझ्या खिडकीशी येऊन नागपूरला, भैयाजींच्या वर्तमानपत्राला, ट्रंककॉल लावायचा आणि ती सांगायची. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण लाइन अशी की नागपूरला काही पोचेना. मग त्यांचं प्रत्येक वाक्य मी मधून ओरडून पुढे द्यायची.

सत्तावीस ऑगस्टला ते आले तेव्हा सोबत चैतू होता. त्याची मुलगी मंगली, वय नऊ, प्रमुख पाहुण्यांच्या आश्रमशाळेत तीन दिवस तापात पडून होती. अधीक्षक गावाला. ती शाळेतच वारली. शाळेनं प्रेत बैलगाडीतून घरी धाडलं आणि नोंद केली, ‘विद्यार्थिनीस जिवंत घरी सोडले.’ रईसभाईंनी माझ्यासमोर पुन्हा सगळं वाचलं. चैतू म्हणाला, “हो, असंच झालं. पाठव.” ते वाक्यन् वाक्य मी नागपूरला ओरडून सांगितलं. बातमी छापून आली.

आणि आठ सप्टेंबरला त्याच पानावर रईसभाईंच्या नावानं खुलासा आला. मुलगी घरीच वारली, माझी माहिती चुकीची होती, मी दिलगीर आहे.

चैतू पायी त्यांच्या दारात आला. “भाऊ, तू वाचून दाखवलं तवा माही पोरगी शाळेत मेली होती. आता घरी कशी मेली, सांग मले.”

रईसभाई म्हणाले, “मी नाई दिलं बाबा ते.”

“मंग तुह्या नावानं कोन देते?”

रईसभाई नागपूरला गेले. आपण, भैयाजी, त्यांना म्हणालात, “तुझं पत्र आहे आमच्याकडे.” दाखवलं मात्र नाही. त्यांनी रजिस्टर पोस्टानं इन्कार पाठवला. तो छापला नाही.

त्यानंतर गावांत त्यांच्याशी कोणी बोलेना. माणसांवर लिहिणारा माणूस मार्कंड्याच्या शिल्पांवर लिहू लागला. दोन पुस्तकं झाली. मघाशी एका विद्वानांनी त्याला ‘लेखकाचा अंतर्मुख कालखंड’ म्हटलं. वा! त्यांच्यासमोर घरांची दारं बंद झाली होती आणि देवळाचं उघडं होतं, इतकंच ते अंतर्मुख होणं होतं.

बोलणं सोडणाऱ्यांत मीही होते. पुढच्या आठवड्यात ते खिडकीशी येऊन म्हणाले, “बाई, तुम्ही तरी माना. मी नाई दिलं.” मी मान वर न करता म्हटलं, “नंबर सांगा.” पत्र म्हणजे एसटीच्या पाकिटातून गेलं असेल, असं मी गृहीत धरलं. दहा वर्षं त्यांच्याशी नंबरापलीकडे बोलले नाही. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हाही घरी गेले नाही. सभागृहात तुच्छतेला पात्र अशी एक बाई आहे, तिला मी रोज आरशात पाहते. दुसऱ्या पात्र व्यक्तीकडे आता वळते.

सूत्रसंचालक निकेशभाऊ, चिठ्ठी पाठवू नका. वेळ संपली ते मला दिसतंय.

भैयाजी, आज प्रकाशित झालेल्या निवडक बातम्यांच्या पुस्तकात आपण तो खुलासा पुन्हा छापला आहे. प्रस्तावनेत लिहिलं आहे, ‘आपली चूक उमद्या मनानं मान्य करणारा हा पत्रकार. सहा सप्टेंबरला सोमवारी दुपारी सव्वाचार वाजता त्यांनी चामोर्शीहून स्वतः ट्रंककॉल करून मला खुलासा सांगितला.’ पत्र कुठे गेलं? पत्र म्हटलं की कोणी अक्षर पाहायला मागेल. फोनचं काय, बोललं आणि विरलं. किती हुशारी!

फक्त एक चौकशी राहून गेली. चार सप्टेंबरच्या सकाळी वैनगंगेच्या पुरात आमचे खांब वाहून गेले. लाइन सुरू झाली नऊ तारखेला. त्या पाच दिवसांत चामोर्शीहून एकही ट्रंककॉल गेला नाही. बिघाडाच्या वहीत नोंद माझ्या हातची आहे. लाइनमन झिंगूभाऊ तिथं मागे उभे आहेत. झिंगूभाऊ, सोमवारी लाइन होती?

“कायची लाइन, बाई! तार पान्यात, खांब पान्यात. मी झाडावर!”

हसू नका. एका मेलेल्या मुलीला आपण कागदावर घरी नेऊन मारलं, भैयाजी. त्यासाठी एका जिवंत माणसाचं नाव वापरलं, आणि तो मेल्यावर त्याच खोट्याला उमदेपणा म्हणून शाल पांघरता आहात. प्रमुख पाहुणे खाली बघताहेत. बघू द्या.

मला बोलावल्याबद्दल समितीची आभारी आहे. मी काय बोलेन हे समितीला ठाऊक असतं तर हा योग आला नसता, म्हणून दुप्पट आभारी. माझं चुकलं ते सलीमाभाभींच्या बाबतीत. भाभी, माफ करता आलं तर करा. नाही केलं तरी मी समजेन. व्यासपीठाकडे माझी कुठलीही क्षमायाचना नाही.

खुलासा कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून छापला आणि पुस्तकातलं ते पान कधी काढणार, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत, आपल्या सहीनिशी, सलीमाभाभींच्या पत्त्यावर. एक प्रत चैतूच्या गावी मी स्वतः घेऊन जाईन. आज रविवार, अठरा जानेवारी. मुदत सोमवार, दोन फेब्रुवारी दोन हजार चार, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.