काचेबाहेरून मोडलेली बोटं

मी इथलीच, ताई, जबलपूरचीच, बाबा फॅक्टरीत होते माझे, आठवीत शाळा सुटली अन् मग लग्नच झालं, मला बुद्धिबळातलं काय समजते, काय सांगू तुम्हाला, घोडा तेवढा ओळखते कारण त्याचं तोंड घोड्याचं असते. पोरीला तिच्या पप्पांनी शिकवलं, ते रेल्वेत, आज ड्यूटीवर, म्हणून मीच तिला घेऊन इथं विजय नगरला स्पर्धेला आली. अनु आठ वर्षांची. तिच्या नावापुढं रेटिंग शून्य, अन् समोर कॉलेजचा पोरगा, त्याचं रेटिंग इतकं मोठं की त्याचे पापा सगळ्यांना सांगून राहिले होते, अरे बच्ची है, दस मिनट में छूट जाएगी बेचारी.

सुटलीच नाही ना ती. बाकीचे खेळून उठले, ही बसूनच. मी काचेच्या दाराबाहेर. तो पोरगा केस ओढून राहिला, सगळे माझ्या पोरीकडेच पाहून राहिले, मला भेवच वाटला ताई, एवढ्या नजरा एका लेकरावर, मग मी तिच्याकडे हात केले अन् कानशिलावर कडकड बोटं मोडली, आपण दृष्ट काढतो तशी, मन भरेना म्हणून पुन्हा, मग पुन्हा. अन् ती जिंकली! मोठ्या पोरानं तिच्याशी हात मिळवला.

तेवढ्यात त्याचे पापा ओरडले, ये औरत बाहर से इशारे कर रही थी, चाल बता रही थी उँगलियों से. पंच सर आले. मी म्हटलं, भैया, नजर उतार रही थी. तर ते पापा म्हणे, नजर उतारना हमको मत सिखाओ, काँच के बाहर से कौन उतारता है? सरांनी विचारलं, तुम्हाला खेळता येते काय, मी म्हटलं नाही जी, तर ते पापा म्हणे, अब तो यही बोलेगी. येते ते दाखवता येते ताई, येत नाही ते कसं दाखवू?

आता सर तिला पुन्हा पटावर घेऊन बसले आहेत, कोणती चाल काहून खेळली ते एकेक विचारून राहिले. नाही सांगता आलं तर जिंकलेलं जाईल. अन् ती दर वेळी माझ्याकडेच पाहते हो, घाबरली की माझंच तोंड पाहायची सवय तिला. म्हणून मी अशी पाठ करून बसली, हात ओढणीत गुंडाळून, बोटही हलवत नाही. नर्मदा माई, माझ्या लेकराला सांभाळ.

ताई, तुम्ही पाहा ना जरा आत. रडून तर नाही राहिली?