आईचं ‘शे’

हॅलो?… हां निकी, तेजूताईच बोलतेय, आईचा फोन चार्जिंगला आहे… बाल्कनीत बसलीये ती. नाही, तिला देते, पण आधी माझं ऐक. परवा सांगायला लागले तर ‘शॉट लागलाय’ म्हणून ठेवून दिलास.

हो, हो… बघितला कालचा भाग. सातपूरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीने बघितला… हसले ना, सगळे हसले. मोलकरीण भागी दारातून आली, कमरेवर हात, ‘हाई काय शे वं माय?’ आणि मागून तुमचं ते रेकॉर्ड केलेलं हसू… अगं छानच करतेस तू. हुबेहूब आई. पदर खोचायची लकबसुद्धा तिचीच. तिथेच तर घोळ झालाय.

काय झालं म्हणजे?… अगं ऐक ना. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला खाली नेलं मी तिला. कुणाच्या तरी कडेवरचं बाळ बघून ती आपली सवयीने म्हणाली, ‘पोर गोड शे.’ झालं! ‘अय्या, भागी! काकू, परत म्हणा ना!’ एकीने तर मोबाईलच काढला… चिडली? चिडली असती तर बरं झालं असतं गं. हसली. सगळ्यांना पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. आणि घरी आल्यावर जी गप्प झाली, ती झालीच.

नाही, बोलते… पण आपल्यासारखं. ‘आहे’, ‘नको आहे’, ‘झाले’. एकेक शब्द जुळवून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. काल भाजीवाल्याकडे शेवग्याच्या शेंगा घ्यायच्या होत्या, तर नुसतं बोट दाखवलं… हो, बोट. दोन्ही शब्द ‘शे’ने सुरू होतात ना! मला तिथेच रडू फुटलं, निकी.

… माहितीये गं मला. तुमच्या मालिकेत पुणेरी आजोबा चिक्कू, नागपूरचा जावई खादाड… ओळखीचं दिसलं की माणूस हसतो, मान्य. मीही हसले की. पण आईच्या गावची, देवळ्याकडची बाई म्हटली की मोलकरीणच का? तुमच्यात अहिराणी बोलणारी डॉक्टरीण कधी आली का?… लेखक लिहितो, हो… पण ‘शे’ तर तू घातलंस ना? मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, तूच कौतुकाने सांगितलं होतंस.

काय?… मातृदिनाचा खास भाग… आईला?… तुझ्या शेजारी उभं राहून तिनेच ते वाक्य… निकी, मगापासून मी काय भिंतीशी बोलतेय?… नाही, मी नाही विचारणार… ‘हो’ सांगून बसलीस? तिला न विचारता?

थांब… आत आलीये ती. ऐकलंय बहुतेक सगळं. आता तूच बोल. पूर्वी फोन उचलला की पहिलं काय विचारायची, आठवतंय ना? ‘जेवनी का माय?’ बघ आता काय विचारते ते… आई, घे. निकी आहे.

— हॅलो. मी आई बोलत आहे… बरी आहे मी. तुझे जेवण झाले का?… हो, ऐकले. येईन ना. तू बोलावलेस तर येणारच. तुझ्या… तुझ्या बाजूला उभी राहीन… ते वाक्य? ते नको बेटा. ते मी आता सोडले आहे… तुझी चूक कशी? तू टीव्हीवर दाखवलेस म्हणून तर मला कळले, मी कशी बोलते. इतकी वर्षे कोणी सांगितलेच नाही. आता तुला माझ्यामुळे खाली बघावे लागणार नाही… रडू नको… काय?… काय म्हणालीस?… अगं, तू कशाला माझ्या बोलीत बोलतेस? हळू बोल, निकी. कोणी ऐकेल… ठेवते मी.