राख फासलेली खिडकी

(जमिनीवर गादी. तिच्यावर काळी शाल पांघरलेली सून बुसिस्वे, कुशीत झोपलेली तान्ही लेक झानेले. दाराशी सासू माडुबे.)

बुसिस्वे : खिडकीची नुसती फट, आई. हात जाईल एवढीच.

माडुबे : शनिवारी सिफिवेला माती देऊ, मग उघड सगळ्या सताड. तोवर सुतकाची राख फासलेल्या काचेला हात लावायचा नाही. नवरा गेलाय तुझा, सूनबाई.

बुसिस्वे : दुपारी दवाखान्यातून फोन आला होता.

माडुबे : सुतकाच्या घरात फोन करतात! लाज नाही.

बुसिस्वे : माझ्या थुंकीत निघालाय क्षय. ह्यांचाच.

माडुबे : मग गोळ्या घे. शेजारची नोमुसा नाही का ठणठणीत झाली?

बुसिस्वे : त्या गोळ्या ह्याच्यावर चालत नाहीत.

माडुबे : तुला कशा चालत नाहीत? तू तर एकही खाल्ली नाहीस जन्मात. अर्ध्यावर सोडल्या त्या सिफिवेने. जरा खोकला थांबला की निघाला खाणीवर. हट्टी मेला... देवा, काय बोलले मी हे!

बुसिस्वे : त्या अर्धवट गोळ्यांनी ह्यांच्या छातीतले जंतू निबर झाले. माझ्याकडे आले ते आयतेच निबर. हवेतून.

माडुबे : काहीतरीच.

बुसिस्वे : रात्री बायका येतील जागरणाला, गायला. वीसजणी ह्या कोंडलेल्या खोलीत, आणि मधे मी.

माडुबे : तू गाऊ नकोस म्हणजे झालं.

बुसिस्वे : श्वास तर घेईन ना?

माडुबे : माती द्यायच्या आत विधवेची गादी सोडून उठलीस तर गाव म्हणेल, हिनेच खाल्लं नवऱ्याला.

बुसिस्वे : नाही उठत. खिडकीही राहू दे. बायकांना अंगणात बसवा, आणि झानेलेला तुमच्या खोलीत न्या.

माडुबे : अंगावर पिते ती अजून!

बुसिस्वे : दुधातून नाही जात, नर्स म्हणाली. श्वासातून जातं. आणि ही झोपते माझ्या नाकाखाली.

माडुबे : किती दिवस?

बुसिस्वे : दुसरी औषधं आहेत, जालीम. लागू पडली तर बघू. आधी हिला तपासून आणा.

माडुबे : लेक गेला. आता तू अशी. मला भीती वाटते गं.

बुसिस्वे : मलाही. उचला तिला, जागी व्हायच्या आत.

माडुबे : ये गं माझी बाय... अंग गरम लागतंय हिचं.

बुसिस्वे : कुशीतली ऊब आहे. ऊबच ना, आई?

माडुबे : ऊबच. दुसरं काय असणार! बायकांना सांगते बाहेर बसायला. गारठतील, मला शिव्या घालतील. घालू देत.

बुसिस्वे : उठली की मला शोधेल. रडली तर खिडकीशी आणा, बाहेरच्या बाजूने.

माडुबे : दिसणार काय तिला, डोंबल? काचेवर राख आहे.

बुसिस्वे : हो. विसरलेच.

माडुबे : ...थांब. पुसते मी जरा. हिच्या तोंडाएवढीच.