साठ गोळ्यांची डबी

अमिनो अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी मन खुश राहतं का, ते माझ्या आईला विचारा, राव. वडील गेल्यापासून ती पाचोडला एकटीच, लई गप गप राहायची. मी वाळूजला शिफ्टमध्ये अडकलेलो. मेडिकलवाल्याकडून साठ गोळ्यांची डबी घेतली अन् तिला नेऊन दिली.

"अ‍ॅसिड? त्यानं तर फरशी घासत्यात!"

"हे खायचं हाय, आई. रोज सकाळी मी व्हिडिओ कॉल करीन, माझ्यासमोर एक घ्यायची."

कंपनीच्या बसची वाट बघताना रोज फोन लावायचो. "आ कर," म्हणायचो. ती पांढरी गोळी तोंडात टाकायची, मग शेजारणीपासून शेळीपर्यंत सगळं सांगत बसायची. खरंच खुलली. म्हटलं, चीज कामाची हाय!

तीन महिने झाले तरी ती म्हणायची, "हायेत अजून." साठ गोळ्या इतके दिवस पुरतील कशा? रविवारी गेलो. डबीचं सीलबी फोडलेलं नव्हतं. शेजारी साखरफुटाण्यांची पुडी.

"आई, हे काय?"

दोन फुटाणे माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "डबी संपल्यावर तू रोज फोन केला असतास व्हय?"