गणपतीखालची वही

आमचं मूळ गाव कुटलं म्हनून विचारता ताई, तर ते आमच्या बाबांनापन धड सांगता येत न्हाय, पनजोबा रत्नागिरीकडून बोटीनं ह्या बेटावर आले एवढंच ठावं, गावाचं नाव वाटंतच कुटंतरी राह्यलं. माझा जल्म नुव्हेल फ्रांसचा. वर डोंगरात हाय ते गाव, सारखा पाऊस, सारखं धुकं, कपडे वाळायचे न्हाईत चार-चार दिस. आई चहाच्या मळ्यात पानं खुडायची, बाबा त्याच मळ्यात झाडं छाटायचे आनि घरामागं कोबी-गाजर लावायचे. तुमची मराठी पुस्तकातली हाय, माझी ही अशी, मधी मधी क्रेओल, म्हंजी हितली बोली, घुसनार, घुसली की हसा पन लिहून घ्या.

मी डावरी. लहानपनी आजीनं माझा डावा हात लुगड्याच्या काठानं पाठीशी बांधून ठेवला व्हता दोन म्हैने, तरी काय फरक न्हाय, हात सुटला की परत डावाच पुढं. मंग बाबा म्हनाले, सोडा तिला, देवाचं तेवढं उजव्या हातानं कर पोरी, बाकी जग डाव्यानं केलंस तरी चालंल. बाबा माझे देवाच्या बाबतीत लई कडक, बरं का, चपला घालून कोन तुळशीपाशी गेलं तर आख्खं घर डोक्यावर घ्यायचे, आनि हे त्यांनी आपनहून सोडलं. तेवढं ध्यानात ठिवा, पुढं लागंल.

आमच्या ह्या देशाला स्वातंत्र्य मिळालं, अडुसष्ट साली, तवा मी अकरा-बारा वर्षांची. पुढं तीन वर्षं मोठ्या शाळेत गेले, मंग आईचं गुडघं गेलं, घरात मी थोरली, शाळा सुटली. रडले काय? रडले की. पन खाली समुद्राकाठी माएबूर्गला माझी मावशी, ती म्हनाली, हितं पोरींसाठी शिवनकामाचं सेंटर निघालंय, दोन वर्षांचं, ये माझ्याकडं राहायला. आईचं गुडघं जरा सावरलं, तशी मी गेले. तिथं आम्हांला शिकवनाऱ्या एक क्रेओल मादाम व्हत्या, जाडजूड, नाकावर चष्मा, टाका वाकडा दिसला की कापड हातातून घेऊन सरळ उसवायच्या आनि म्हनायच्या रेकोमांसे, म्हंजी पहिल्यापासून. आयो, किती रेकोमांसे ऐकलं मी!

तर त्या सेंटरात प्रत्येक पोरीला एक जाड वही द्यायचे, तिला कारने म्हनायचे. जे शिकाल त्याचा नमुना त्या वहीत शिवून लावायचा, कॉलर, कफ, चुन्या, काज, खिसा, खाली शाईनं लिहायचं किती तास लागले, आनि मादाम सही करनार. दोन वर्षांचे माझे सगळे तास त्या वहीत. शेवटाला सर्टिफिकेट मिळालं, एक कागद, पन मादाम म्हनाल्या, कागद सांगतो तू पास झालीस, तुला काय येतं ते कारने सांगतं, ते सांभाळ.

मंग घरी परत, आनि लिझिन. लिझिन म्हंजी फॅक्टरी, तवा नव्या नव्या निघत व्हत्या, स्वेटर, शर्ट, सगळं परदेशी जायचं. नऊ वर्षं केलं. पहिल्यांदा मशीनवर, मंग तपासायला, मंग नव्या पोरींना शिकवायला मलाच ठिवायचे, कारन मी ओरडत न्हवते. आनि खरं सांगू, तिथं मला लागलं वेड. वाटायचं, आपन मादामसारखं सेंटरात शिकवावं. विचारलं तर म्हनाले, आता नियम बदलला, शिकवायला कॉलेजची डिग्री पायजे. डिग्रीला कॉलेजात जायला शाळेची शेवटची परीक्षा पायजे. ती माझ्याकडं न्हाय. म्हंजी दार बंद. चांगली चार वर्षं तो विचार मनात घेऊन मी लिझिनमधी राबले, सुपरवायझरनं दोनदा विचारलं तुझं लक्ष कुटं हाय.

मंग एक दिस आमच्या लाईनीतली एक पोर पेपर घेऊन आली, म्हनाली हे तुझ्यासाठीच छापलंय. कॉलेजात कापडाचं नवीन शिक्षन निघालं व्हतं, त्यात लिहिलेलं की ज्यांनी धंदेशिक्षन केलंय त्यांचे ते तास डिग्रीत धरले जातील, त्याला ते क्रेडिट म्हनत व्हते, आनि ज्यांचे पहिल्या वर्षाइतके तास भरतील त्यांना शाळेची परीक्षा माफ. अट एक, तासांचा सहीचा पुरावा आना. माझ्याकडं पुरावा नुसता न्हाय, शिवलेला पुरावा! मी अर्ज टाकला, पत्र आलं, अमक्या गुरुवारी या, सर्टिफिकेट आनि कारने घेऊन या.

आता ऐका. त्याच आठवड्यात गनपती.

आमच्या घरी गनपती बाबा स्वतः करतात, परसातल्या चिकन मातीचा, साचा-बिचा काय न्हाय. आनि रीत अशी की ज्याच्यावर घर चालतं ते सगळं त्याच्यापुढं ठिवायचं, आईची खुडायची टोपली, बाबांचा छाटायचा सुरा, माझी कातर. त्या वर्षी पावसानं माती वाळलीच न्हाय, गनपती खालून ओला आनि बूड वाकडं, पाटावर ठिवला की डुलायचा. बाबा म्हनाले काहीतरी जाड आना खाली द्यायला. आनि मी, माझ्या अकलेचं काय सांगू तुम्हाला, मी पळत गेले आनि कारने आनलं. सुऱ्या-टोपलीच्या गर्दीत पुढं ठिवन्यापेक्षा ह्याच्या बुडाखालीच गेलं तर आशीर्वाद सरळ लागंल, असं मला वाटलं. लाल कापडात गुंडाळलं, पाटावर ठिवलं, वर गनपती. बाबा खूश, डुलायचा थांबला.

दीड दिसानं विसर्जन. आम्ही सगळे लॉरीनं माएबूर्गला समुद्रावर जातो, पाच-सहा घरांचे गनपती एकदम. भजन, झांजा, लॉरीत उभं राहून नाच, मीपन नाचले, डोक्यात काय न्हाय. आरती झाली, बाबा पाट डोक्यावर घेऊन पान्यात गेले छातीइतके. आनि आमच्यात असं हाय ताई, देव सोडला की पाट घेऊन परत फिरायचं आनि मागं वळून बघायचं न्हाय. कोनीच बघत न्हाय. बाबा आले, ओला पाट माझ्या हातात दिला.

पाट रिकामा. लाल कापड न्हाय.

ओल्या मातीला कापड चिकटलेलं, गनपती उचलला तसं ते सगळंच गेलं. मी पाट उलटासुलटा करून बघितला. आईनं विचारलं काय झालं, मी म्हनाले कारने. तिला आधी कळंना, मंग कळलं आनि ती मटकन वाळूत बसली. बाकीचे थोरले जमले. एक म्हातारे काका, आमच्या मंडळाचे, म्हनाले उत्तरपूजा झाली, देव गेला, आता जे त्याच्याबरोबर गेलं ते त्याचं. आई म्हनाली लेस, म्हंजी जाऊ दे, पोरी, नशीब. मीपन म्हनाले जाऊ द्या बाबा. पन मनात एकच, नऊ वर्षं लिझिनमधी राबून जे एक दार उघडलं ते मीच माझ्या हातानं देवाबरोबर पान्यात घातलं.

बाबा उभे राह्यले तसेच, धोतरातून पानी गळतंय. मंग काकांकडं बघून म्हनाले, दीड दिस बसलाय तो तिच्या वहीवर, विद्येचा देव हाय, त्याचं वाचून झालं असंल. आनि वळले. सगळ्यांदेखत वळले, पान्यात शिरले. बाबांना पोहता येत न्हाय, आजपन येत न्हाय. पायानं चाचपत चाचपत गेले, एकदा खाली बसले, डोकं दिसंना, आई किंचाळली, मंग वर आले, हातात लाल कापड, वरून माती वाहतीय. आधी त्यांनी त्या पान्याला नमस्कार केला, मंग माझ्याकडं आले.

वही फुगलेली. लिहिलेलं सगळं निळं पानी. एक सही शिल्लक न्हाय. मादाम तवा ऑस्ट्रेलियाला लेकीकडं गेलेल्या, पत्ता कोनाकडं न्हाय. आईनं चुलीच्या वर दोरी बांधून एकेक पान वाळवलं, आमच्याकडं ऊन कुटलं.

गुरुवारी गेले. तिघं बसलेले, दोन साहेब आनि एक बाई. मोठ्या साहेबांनी वही उघडली, मिठाची पांढरी पूड टेबलावर पडली. त्यांनी लई सभ्यपनानं सांगितलं, मादमोआझेल, तुमचं सर्टिफिकेट खरं हाय, पन तासांचा पुरावा आम्हांला ह्यात दिसत न्हाय, कोनाचीबी वही असू शकते. बरोबरच व्हतं त्यांचं. मी काय सांगनार, गनपती डुलत व्हता म्हनून? तरी सांगितलं. एक साहेब खिडकीकडं बघून हसू दाबत व्हते.

त्या बाईंनी वही आपल्याकडं ओढली. त्या सही शोधतच न्हवत्या, त्यांनी नमुन्यातलं काज उलटं करून मागनं बघितलं, मंग दुसरं, मंग तिसरं. मला म्हनाल्या, हितं एक काज करा. पिशवीतून कापड आनि सुई-दोरा दिला. सुई हातात आली की हाताला आपोआप कळतं. केलं. त्यांनी ते वहीतल्या काजाशेजारी धरलं आनि दोन्ही साहेबांना दाखवलं. सगळ्या जगाचे टाके एका अंगाला कलतात, माझे दुसऱ्या. वहीभर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सगळे डावरे टाके. बाई म्हनाल्या, सही धुतली, हात न्हाय धुतला.

एकदम सगळं गोड झालं असं न्हाय हं. त्यांनी शिवनाचे, कापायचे तास धरले, मला आत घेतलं. पन चित्रकला आनि रंगाचं रसायनशास्त्र कारनेमधी नसल्यामुळं धरलं न्हाय, ते पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर करायला लागलं, सतरा-अठरा वर्षांची पोरं, मला तांतीन म्हनायची, म्हंजी मावशी. रसायनात मी एकदा नापास झाले. तीनाची चार वर्षं लागली. इंग्रजी लिहिताना जीव जायचा. तरी झालं. मागच्या वर्षापासनं मी सेंटरात शिकवते, पोरींच्या कारनेवर सही करते, शाईनं, आनि खाली माझ्या हातानं एक टाका घालते. पोरी विचारतात हे कशाला मिस. मी म्हनते असू दे.

काका आमच्याकडं दोन वर्षं जेवले न्हाईत, बुडालेला देव उपसला म्हनून. आता जेवतात. मी एकदा म्हनाले बाबा, तुमचा नेम माझ्यामुळं मोडला, तर म्हनाले, कोबीला पानी घातलंस का.

आता थकलेत ते. गनपती अजून करतात, बूड अजून वाकडंच असतं, खाली लाकडाची चिप देतात. पन एक नवी रीत निघालीय आमच्या घरात, दुसऱ्या कोनाच्यात न्हाय. समुद्रावर आरती संपली, पाट उचलायचा, की बाबा थांबतात. झांजा थांबतात. सगळी लॉरी थांबलेली असते. बाबा गनपती एका हातानं जरा कलता करतात, खाली वाकून बघतात, आनि सगळ्यांदेखत मला मोठ्यानं विचारतात, पोरी, तुझं काय ऱ्हायलंय का खाली? मी म्हनते, न्हाय बाबा, सगळं मिळालं, जाऊ द्या त्याला. मंग ते जातात.

तुमचं चांगलं होवो ताई, वही नीट ठिवा, ओली करू नका.