सात बोटांची जोडी

या, या, आत या दादा, हातमोज्यांचं दुकान हेच — पाटीवर नुसतं ‘शिलाई’ लिहिलंय, म्हणून सगळेच आधी पुढे जातात आणि मग मागे येतात. बसा त्या स्टुलावर. समोरच्या कारखान्यातूनच ना? आत्ता फाटकातून बाहेर पडताना बघितलं मी. आणि हात खिशात ठेवलेत ते राहू द्या, पहिल्यांदा सगळेच लाजतात. सांगू नका, मी ओळखते! डावा हात, करंगळी आणि शेजारचं? नाही? मग अंगठा? बरं, राहिलं. कटरवाल्यांची बोटं कशी एका रेषेत जातात, प्रेसवाल्यांची मेली वेडीवाकडी — पण माझा हातमोजा बसतोच. रिकामं बोट लोंबत राहिलं ना, की तेच मशीनमध्ये अडकतं आणि उरलेला हात ओढून नेतं, म्हणून मी ते कापून आतून शिवते.

आज तपासणीचे साहेब यायचे होते म्हणे, आले का? कसे दिसतात हो? बावळटच असणार! ते यायचे म्हणजे आदल्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं — मग प्रेसच्या जाळ्या, हात आत जाऊ नये म्हणून असतात ना त्या, कपाटामागून निघतात, पुसायच्या, बसवायच्या, साहेब चहा पिऊन गेले की परत कपाटामागे. का म्हणजे? जाळी उघडा, पत्रा सरकवा, जाळी लावा — तेवढ्या वेळात चार नग निघतात. आणि फाटकावरचा तो फलक बघितलात ना, ‘अपघाताविना दिवस’? तीनशे झाले की प्रत्येकाला एक स्टीलचा डबा. हसताय काय, डब्यासाठी माणसं बोटं लपवतात!

आमच्या ह्यांचंच घ्या. उजव्या हाताची तीन गेली तेव्हा फलकावर दोनशे साठ होते. फोरमन दवाखान्यात आला, म्हणाला, मशीनवर गेली म्हणालात तर फलक शून्यावर येईल आणि तुम्ही घरी. घरच्या मिक्सरमध्ये गेली म्हणा, फाटकावर सोपं काम देतो. आता गंमत ऐका — आमच्याकडे मिक्सरच नव्हता! चौकशीला कुणी आलं तर दाखवायला पाहिजे, म्हणून फोरमनच नवा घेऊन आला, खोक्यासकट. मी अजून लावला नाही तो. बटणाकडे हात जात नाही माझा. आणि ह्यांचं सोपं काम कुठलं म्हणाल, तर रोज सकाळी त्या फलकावरचा आकडा एकानं वाढवायचा. आमचे हे! उरलेल्या दोन बोटांनी! राग येतो हो मला, हसते मी, पण भयंकर राग येतो.

चला, फार बोलले. काढा हात, माप घेते. हा उजवा — पाच. छान. डावा द्या. हाही पाच? दहाच्या दहा? अहो, मग तुम्हाला हातमोजा कशाला — हे काय, वही? कार्ड?

अगं बाई.

साहेब, मी बावळट म्हणाले ते मनावर घेऊ नका. आणि मिक्सर आहे आमच्याकडे, खरंच आहे, घरी चला, दाखवते! लिहू नका हो. ह्यांची नोकरी जाईल, सात बोटांच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतं? मिटा ती वही. मिटा म्हणते ना!

मिटलीत? बसा मग, उठू नका.

ह्यांची बोटं गेली त्याच प्रेसवर परवापासून माझी धाकटी जाऊ बसते. काल जेवताना मी तिच्या बोटांकडेच बघत राहिले. ती म्हणते, जाऊबाई, असं काय बघता? तिच्या मापाचा हातमोजा नाही शिवायचा मला.

उद्या या साहेब. कुणाला न कळवता, सकाळी दहाला, फाटकावर न थांबता सरळ आत. कपाटामागे बघा. ह्यांना मी सांगेन काय ते — रागावतील, रागावू देत. आता उठा. फोरमन येतोय समोरून. उठा, उठा, आणि मोठ्यांदा ऐकू जाईल असं सांगते — तुमच्या मापाचे हातमोजे इथं मिळत नाहीत!