आठ बटणांचा गोळा

...आणि वर मला म्हणतो, काका, सोपं आहे. तुम्हाला सांगतो, ज्याला फोनवर बसून दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं असतं त्याला सगळंच सोपं असतं. तो कॉम्प्युटरवाला तिकडे त्याच्या दुकानात, मी इकडे माझ्या, घड्याळात सव्वातीन, आणि गोळा फिरतो, पान हलत नाही.

थांबा, नीट सांगतो. मी शिक्के करतो. रबरी शिक्के. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं इथल्या शिकलेल्या लोकांच्या सहीखाली जो शिक्का बसतो तो माझ्या हातचा. पूर्वी हाताने कोरायचो, आता अक्षरं कॉम्प्युटरवर मांडायची आणि यंत्र रबर कोरतं. तेही शिकलो. मग मागच्या महिन्यात दुकानाच्या पायरीवरून पडलो, उजवा खांदा निखळला, हात गळ्यात. माउस सरकवायचा तर खांदा हलतो, आणि खांदा हलला की डोळ्यांपुढे काजवे. म्हणून सूनबाईंनी माउसऐवजी हा गोळा आणला. जागचा हलत नाही, नुसता बोटांनी फिरवायचा. भोवती बटणं आठ. मला बोटं पाच.

दुकान आता सूनच बघते. वाईट नाही, पण मोजकं बोलते. त्या दिवशी सकाळी म्हणाली, "मामंजी, शाळेचा गोल शिक्का पाच वाजता द्यायचाय, उद्या मुलांचे दाखले निघणार आहेत. तुमच्याकडून झाला तर ठीक. नाही तर उद्यापासून माझा भाऊ बसेल खुर्चीत. तुम्ही घरी आराम करा."

आराम. तुम्ही केलाय कधी? मी पडल्यावर चार दिवस केला. छताच्या फळ्या मोजल्या. एकोणीस आहेत.

तर शिक्क्याची अक्षरं बारीक, म्हणून चित्र मोठं करून मांडायचं, म्हणजे वरचा अर्धा गोल पडद्यावर दिसतो आणि खालचा बाहेर राहतो. खाली जायचं तर अंगठ्याखालचं बटण दाबून धरायचं नि गोळा फिरवायचा. पण कॉम्प्युटरवाल्याने आमच्या जुन्या डब्यात ती नवी सिस्टिम घातलेली. "काका, फुकट आहे, आणि उघडी आहे, कुणीही आत शिरून हवं ते बदलू शकतो." अहो, मला आत शिरायचं नाही, मला बाहेर शिक्का काढायचाय. पण नाही. कुठल्या बटणाने काय करायचं ते तिला आपणच लिहून द्यायचं.

"सोपं आहे काका. काळी खिडकी उघडा. एकेक बटण दाबा, नंबर दिसेल."

दाबलं. एक. दोन. तीन. चौथ्याला एकदम आठ.

म्हटलं, चार ते सात कुठे गेले?

"ते माउसच्या चाकाचे."

"गोळ्याला चाक कुठे आहे?"

"नाहीये. पण नंबर राखून ठेवलेत."

जे नाही त्याला चार जागा, आणि मी समोर बसलोय तर माझी एक खुर्ची राहते की जाते कळेना.

मग म्हणाला, गोळ्याचं चित्र काढा, नंबर लिहा आणि मला वाचून दाखवा. काढलं. चित्र काढणं माझा धंदा आहे. तो काळ्या खिडकीत लिहायची ओळ सांगत गेला, मी डाव्या हाताच्या एका बोटाने लिहीत गेलो, सगळी आठ बटणं लावली, अंगठा दाबला... पान मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा मिटलं. दुसरं दाबलं तर भलतीच यादी उघडली. ओळ चारदा तपासली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, गोळा पुसला. गोळा फिरतो, पान हलत नाही.

चार वाजता शाळेचा शिपाई येऊन स्टुलावर बसला. नुसतं घड्याळ बघायचं, मग मला बघायचं. सव्वाचारला म्हणाला, "आजोबा, बाई पाचला कुलूप लावतात." मी म्हटलं, लावू देत, कुलूप माझ्याकडून नेलेलं नाही. सून दारात उभी राहून भावाला फोन लावत होती.

साडेचारला ती आत आली. माझं चित्र उचललं, गोळ्याशेजारी धरलं, मग कागद पालटून उजेडाकडे धरला, मागून बघितलं.

"मामंजी," ती म्हणाली, "हे तुम्ही उलटं काढलंय. शिक्क्यासारखं."

शिपाई हसला. मी नाही. चाळीस वर्षं रबरावर डाव्याचं उजवं काढलं, हात दुसरं काय काढणार? अंगठ्याचं काम करंगळीला गेलं होतं आणि करंगळीचं अंगठ्याला. सगळी ओळ पुन्हा लिहायला वेळ नव्हता. म्हटलं, उलटं तर उलटं. समोर गोळा नाही, शिक्का आहे असं समजलो, करंगळी दाबून धरली आणि गोळा फिरवला. पान सरसर खाली आलं. पुढे बोटं आपोआप चालली. खालची अक्षरं मांडली, यंत्रात रबर घातलं, पाचला सात मिनिटं कमी असताना शिपायाच्या हातात शिक्का दिला. तो पळतच गेला.

दुसऱ्या दिवशी सुनेचा भाऊ आला. नुसतं बघतो म्हणाला. खुर्चीत बसला, दाबलं, पान मिटलं. अर्धा तास मिटवत होता. मग गेला.

आता खांदा बरा आहे. बहिणीकडे चार दिवस जाऊन येतो म्हटलं, तर सून म्हणते, "मामंजी, हे तुमच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. तुम्ही कसे जाणार?" कॉम्प्युटरवाला म्हणतो, सरळ करून देतो, नाही तर जुना माउस जोडतो, सोपं आहे. सून म्हणते, चाललंय ना, मग हात लावायचा नाही.

तर बसलोय. गोळा फिरतो, पान हलतं. मला तेवढं जागचं हलता येत नाही.